यंदाच्या तक्त्यात नाव कसे लावावे

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक लागतात आणि त्याच सुमारास पेपरात नाशिकचा वर्षभराच्या अपघातांचा तक्ता येतो. शहर वेगळे, ग्रामीण वेगळे. एकूण अपघात, मृत, गंभीर जखमी, किरकोळ जखमी, शेजारी गेल्या वर्षीचे आकडे. आपण तो चहाबरोबर वाचतो, "कठीण आहे बुवा" म्हणतो आणि राशिभविष्याकडे वळतो. तक्त्यात कायम दुसरेच असतात, ही आपली जुनी खंत. ती दूर व्हावी आणि तुमच्या-आमच्यासारख्या साध्या माणसालाही तिथे जागा मिळावी, म्हणून हे मार्गदर्शन. सातबाऱ्यावर नाव लावायचे तर तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात, चहापाणी करावे लागते. इथे अर्ज नाही, फी नाही, ओळख लागत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. पुष्कळांना वाटते की यासाठी कसारा घाटातले धुके हवे, राहूड घाटात ब्रेक निकामी व्हायला हवेत, निदान पोटात चार पेग तरी हवेत. एवढी तयारी लागत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातले सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर झाले. तीन-चतुर्थांश अपघातांच्या वेळी हवा स्वच्छ होती. सर्वांत बरकतीची वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. साधारण दर पाचांतला एक अपघात या तीन तासांतला. म्हणजे अंबडच्या किंवा सातपूरच्या कारखान्यांतली पाळी सुटते, माणूस वाटेत दूध घेतो, क्लासवरून मुलीला घेतो, तेव्हा. गडावर निघालात तर आई दारात येऊन "घाटात सांभाळून रे" म्हणते. कोथिंबीर आणायला निघालेल्या माणसाला कोणी सांभाळून जा म्हणत नाही, आणि नेमकी तीच तुमची संधी.

जागा कमी पडतील ही भीतीही नको. त्या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. तासाला १९ पडतात. कॉलेज रोडला पाणीपुरीसाठी वीस मिनिटे ताटकळलात तर तेवढ्या वेळात सहा.

आता साहित्य. हेल्मेट जरूर घ्या. नाशिककर हेल्मेट घेत नाही असा आरोप कोणी करू नये, घरटी दोन निघतील. प्रश्न ते कुठे घालायचे एवढाच. डावे कोपर ही सर्वमान्य जागा. तिथे ते बांगडीसारखे अडकते आणि क्लच दाबताना टाकीवर टकटक वाजून सोबत करते. आरशावर टांगले तर मागचे दिसायचे बंद होते, तोही फायदाच. सिग्नलच्या अलीकडे पांढरा शर्ट दिसला की एका हाताने ते डोक्यावर ठेवायचे आणि चौक ओलांडला की पुन्हा कोपरात. पट्टा मात्र लावायचा नाही. पट्टा लावला की हेल्मेट आपटतानाही डोक्यावरच राहते आणि सगळा खेळ बिघडतो. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असा अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष आहे. आपल्या उद्दिष्टाला हे परवडणारे नाही. अगदी घालायचीच वेळ आली तर दोरीवर टांगलेले, कानाच्या वर संपणारे टोपडे घ्या. आयएस ४१५१ या मानकात न बसणारी हेल्मेट विकायला १ जून २०२१ पासून बंदी आहे, त्यामुळे ती आता फक्त रस्त्याच्या कडेलाच मिळतात.

या शहराने एकदा फार मोठे संकट परतवले, त्याची आठवण नव्या पिढीला असावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिकमध्ये 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झाले. दुसरे एखादे शहर हबकले असते. आपण पंपावर एकमेकांच्या मदतीला धावलो. "दादा, दोन मिनिटं द्या ना, टाकून झालं की देतो," म्हणत एकच हेल्मेट रांगेतल्या डोक्यांवरून मागे मागे सरकत गेले. कोणाचा घाम, कोणाचे तेल, जातपात काही पाहिले नाही. समतेचे असे दर्शन पंगतीतही दुर्मिळ. टाकी भरली की हेल्मेटचे काम झाले.

मागे बसणाऱ्यांनी आपल्याला गाडी चालवता येत नाही म्हणून खट्टू होऊ नये. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसताना मेलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांपैकी १४,३३७ जण नुसते मागे बसलेले होते. कायद्याने हेल्मेट त्यांनाही लागते, हे सांगून कोणाचा मूड घालवू नका. वहिनींनी दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसावे, मांडीवर बाळ, कोपरात भाजीची पिशवी, आणि तोल सांभाळायला हात एकही शिल्लक ठेवू नये. मोठे पोर पुढे टाकीवर उभे, हे सांगायला नकोच.

मोबाइल खांदा आणि कान यांच्यामध्ये धरा, मान वाकडी झाली की रस्ताही तिरपा दिसतो. 'पोचतोय, पाच मिनिटं' एवढे टाइप करायला चार सेकंद लागतात असे धरा. ताशी साठच्या वेगाने तेवढ्यात सुमारे ६७ मीटर रस्ता न बघता मागे पडतो. बहुतेक वेळा त्या ६७ मीटरमध्ये कोणी आडवे येत नाही. नाउमेद होऊ नका.

उलट्या दिशेने जाणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे आणि त्याचे विद्यापीठ पाथर्डी फाट्यापासून आडगाव नाक्यापर्यंत पसरले आहे. वर उड्डाणपूल, खाली सर्व्हिस रोड, आणि वळायला मिळणार ते पार पुढच्या बोगद्याशी. पेट्रोल शंभरीच्या पुढे गेलेले असताना एवढा वळसा घालणारा माणूस संसार काय करणार? तेव्हा कडेकडेने, हेडलाइट लावून समोरून या. हेडलाइट लावला की उलट दिशा कायदेशीर होते अशी आपल्याकडे समजूत आहे. ती जपा. समोरून नियमाने येणारा दचकला तर त्याच्याकडे असे बघा की तोच चुकला. कोणी हटकलेच तर "इथंच तर वळायचंय" हे वाक्य पाठ असू द्या. पुढे महामार्गावर दुभाजकाला कोणी तरी पाडलेली भगदाडे आहेत. ती कोणी पाडली ते कोणालाच माहीत नसते, पण समोरच्या हॉटेलातल्या मिसळीला तिथून येणे फार सोपे पडते. नुसत्या उलट दिशेच्या भांडवलावर २०२२ मध्ये देशात सुमारे ५.४ टक्के मृत्यूंचा कोटा भरला गेला.

गंगापूर रोडवाल्यांना वेगळी सवलत आहे. रस्ता रुंद झाला, जुनी झाडे तिथेच राहिली. झाडे रस्त्यात आली नाहीत, रस्ता झाडांत शिरला. रात्री मोकळा रस्ता आणि मधोमध बुंधा, एवढी सोय फार थोड्या शहरांना लाभते. बुंध्यावर लावलेले रिफ्लेक्टर जाहिरात चिकटवायला बरे पडतात.

सोळाव्या वर्षापर्यंत थांबलेल्या मुलांचे मला कौतुक वाटत नाही. चौदाव्या वर्षी क्लासला स्कूटी दिली की पालकांना सकाळचा चहा निवांत घेता येतो. २०१९ मध्ये कायद्यात बदल झाला आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही, असे कलम आले. घाबरू नका. पंचविशीपर्यंत पोचण्याची अट त्यातच आहे.

ज्यांच्याकडे माल वाहण्याचे साधन आहे त्यांनी दुसऱ्यांना संधी द्यावी. कांद्याची ट्रॉली लासलगावला किंवा पिंपळगावला न्यायची तर दिवेलागणीला काढा. मागचा लाल दिवा नसतोच, असलाच तर वायर तुटलेली असते. रिफ्लेक्टरवर मागच्या पावसाळ्यापासूनचा चिखल असतो, तो राहू द्या, नांगराने कमावलेला आहे. ट्रॉलीचा रंग अंधाराचाच. टायर पंक्चर झाले तर ती कडेला न घेता डांबरावरच उभी करा आणि मागे दोन दगड ठेवा. जॅक लावून झाला की ट्रॉली निघून जाते, दगड राहतात.

सळया न्यायच्या असतील तर गाडीच्या मागे त्या चांगल्या वाव-दीड वाव बाहेर ठेवा. नियमाने बंदी आहे. लाल फडके बांधायची रीत पूर्वी होती, आता फडकीही महागली. १२ जानेवारी २०२५ च्या रविवारी संध्याकाळी नाशिकच्याच द्वारका चौकातल्या उड्डाणपुलावर अशाच सळयांच्या गाडीवर मागून टेम्पो आदळला आणि निफाडकडून घरी परतणारी सिडकोची तरुण पोरे गेली. खाली शहरात तेव्हा रस्ता सुरक्षा अभियान चालू होते. यावर मला विनोद सुचत नाही, पुढे जाऊ.

एकट्याने नाव लावणे ठीक, पण चौकाचे नाव काढायचे तर सामुदायिक प्रयत्न लागतात. राष्ट्रीय महामार्गावरच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसे मेली, तर ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. मग पाहणी, मग प्रस्ताव, मग अंदाजपत्रक, मग निविदा. त्याआधी काही मागायला जाऊ नये, ते नियमात बसत नाही. कोपऱ्यावरचा टपरीवाला रोज सांगत असतो, "साहेब, इथं एक दिवस मोठं काही तरी होणार." त्याचे निरीक्षण पंधरा वर्षांचे असले तरी ते विहित नमुन्यात नसते. चार अपघात झालेला चौक हा नुसता चौक असतो, पाचवा कोणी तरी द्यावा लागतो. तेव्हा तुमच्या घराजवळच्या चौकात सिग्नल हवा असेल तर निवेदन, मोर्चा, नगरसेवक हे सगळे सोडा आणि मोजणी कुठवर आली आहे ते विचारा. छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या मिरची चौकाला फार वाट पाहावी लागली नाही. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस तिथे ट्रकला धडकून पेटली आणि १२ माणसे गेली. दहाची अट एका पहाटे पुरी झाली. त्यानंतर मंत्री आले, अधिकारी आले, कॅमेरे आले, आणि त्या चौकात काय काय धोकादायक आहे ते सर्वांना दिसले. आदल्या दिवशीही ते सगळे तिथेच होते.

आपल्या नावापुढे कारण कोणते लागेल याची चिंता करू नका, ती सोय आधीच झालेली आहे. २०२२ च्या देशभरातल्या मृत्यूंपैकी ७१.२ टक्क्यांपुढे 'अतिवेग' आहे. वेग निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. चाळीसचे ऐंशी केले की धडकेतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. हे आपण नववीत पाठ केले होते आणि परीक्षेनंतर विसरलो. पण 'अतिवेग' लिहिले की बंद पडलेला पथदिवा, न रंगवलेला गतिरोधक, अर्धवट बुजवलेला चर आणि उघडे चेंबर हे सगळे पुराव्याअभावी सुटतात. खड्ड्यांच्या रकान्यात त्या वर्षी देशभरातून १,८५६ मृत्यूच भरले, म्हणजे खड्डे तसे सज्जनच म्हणायचे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, निम्मे शहर खोदून ठेवलेले आहे, त्यामुळे आपल्यालाही थोडी निवड करता येईल. आणि मरायचेच असेल तर तीस दिवसांच्या आत उरकावे. अपघातानंतर तीस दिवसांत गेलेला माणूस मृतांत धरतात. एकतिसाव्या दिवशी आयसीयूत गेलेला जखमींतच राहतो. घरच्यांना मग दहावा मृताचा आणि दाखला जखमीचा.

दुसऱ्याचे नाव लागत असताना आपण काय करायचे, तेही ठरवून ठेवलेले बरे. गाडी रस्त्याच्या मधोमध लावून उतरा. आधी चूक कोणाची ते ठरवा, मोठ्या गाडीची असते. मग मोबाइल उंच धरा, आडवा, उभा धरलात तर गर्दी मावत नाही. जखमीला हात लावू नका, पोलिसांचे लचांड मागे लागते असे आजोबांनी सांगितलेले आहे. मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम येऊन मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले आहे, त्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही, हे आजोबांना कोण सांगणार? तासाभरात दवाखाना गाठून देणाऱ्या 'राहवीरा'ला २५,००० रुपये मिळतात, पूर्वी ५,००० होते. मे २०२५ पासून जखमीच्या पहिल्या सात दिवसांच्या उपचारांना दीड लाखापर्यंत रोख न भरता सोय झाली आहे, तेव्हा "पैसे कोण भरणार?" ही आपली हुकमी सबबही गेली. नवी शोधावी लागेल. तोवर १०८ ला फोन कोणी तरी केलाच असेल असे धरून चाला. भोवती जमलेल्या पन्नास जणांनीही तेच धरलेले असते, त्यामुळे तुम्ही बहुमतात असता.