तगरीवरची अळी

आईने पूजेच्या फुलांसाठी अंगणात तगर लावली आहे. गेल्या पावसाळ्यात तिची पानं रातोरात फस्त व्हायला लागली. खाली फरशीवर मिऱ्यांएवढ्या लेंड्या. शोधलं तर बोटाएवढी जाड हिरवी अळी, शेपटीकडे इवलंसं शिंग. काडीने हलकेच हात लावला, तर डोकं आत ओढून तिने दोन निळे डोळे वटारले. खरे डोळे नव्हेत ते, पक्ष्याला दचकवण्यासाठी अंगावर असलेले ठिपके. मी औषध आणायला निघालो होतो. आई म्हणाली, "चार दिवस फुलं नाही मिळणार. राहू दे तिला."

पुढे ती तपकिरी पडली, खाली उतरली आणि पाचोळ्यात कोष करून बसली. तो कोष मी जाळीच्या डब्यात ठेवला. एका संध्याकाळी तो फुटला. बाहेर आलेल्या जिवाचे पंख ओल्या फडक्यासारखे चुरगळलेले होते. काडीला लटकून त्याने ते हळूहळू उलगडले, आणि शेवाळी हिरव्यावर गुलाबी झाक, मधून पांढऱ्या लाटा असा तो पतंग समोर होता. ओलिएंडर हॉकमॉथ. ओलिएंडर म्हणजे आपली कण्हेर, तीही ही अळी आवडीने खाते.

असं रूप आपण वर्षानुवर्षं झाडूने केरात ढकलत आलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. फुलपाखरांच्या जगात सतरा-अठरा हजार जाती, पतंगांच्या दीड लाखाहून जास्त. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला, फार चांगलं झालं. पण पतंगांना धड मराठी नावंही नाहीत. नुसतं 'पतंग' म्हटलं तर पोरांना संक्रांत आठवते.

शेतकऱ्याचा राग मला कळतो. गुलाबी बोंडअळीने कापूस उत्पादकांचं काय केलं ते विदर्भाने पाहिलंय, आणि ती पतंगाचीच अळी. पण त्याच विदर्भात, गडचिरोली-भंडाऱ्याकडे, ऐनाच्या झाडांवर ढिवर समाजाची माणसं टसर रेशमाच्या अळ्या वाढवतात, कोसा काढतात. पैठणीचं रेशीमही पतंगाच्याच अळीने विणलेलं. मूठभर जातींच्या गुन्ह्यासाठी सगळ्या कुळाला शिक्षा का? रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या, सुगंधी फुलांकडे कोण जातं? पपईच्या फुलांवरही संधिप्रकाशात हॉकमॉथच येतात.

आणि ते 'दिव्यावर झेप घेणारा वेडा पतंग' वगैरे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी दिसलं की बरेच कीटक उडताना पाठ उजेडाकडे ठेवतात. लाखो वर्षं रात्री वरची बाजू म्हणजे आकाश, तीच जास्त उजळ. आपण दिवा लावला की त्यांची वर-खालीची जाणीवच बिघडते आणि ते त्याभोवती गिरक्या घेत अडकून पडतात. त्यात प्रेम नाही, बलिदान नाही. हे वाचल्यापासून ती उपमा मला बोचते.

आमच्या ओट्यावरचा दिवा आता जेवणं झाली की बंद असतो. त्या हॉकमॉथलाही अंधारातच सोडला. तगरीच्या फांदीवर तो मिनिटभर नुसता थरथरत राहिला. उडण्याआधी ते असं पंख थरथरवून अंग तापवतात. आई शेजारी उभी होती. मग घुंऽऽ असा बारीक आवाज झाला आणि फांदी रिकामी.