‘उतारे वेचलेत’ म्हणणाऱ्या वाचकाला

बुक ऑफ मॉर्मन कसा वाचावा यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियेबद्दल आभार. ‘धर्मांतर केलंत की काय?’ या खवचट प्रश्नाने सुरुवात केली नसतीत, तर ते जास्त मनापासून मानले असते. हा मॉर्मन पंथाचा धर्मग्रंथ वाचायला दीक्षा लागत नाही, सवड लागते. कुठल्याही चर्चचा सभासद न होता मी तो तीनदा सलग वाचलाय. तुम्ही किती वाचलात, ते मात्र एवढ्या लांबलचक मजकुरात कुठे दिसलं नाही.

एक चूक कबूल. ‘पहिल्या वाचनात ओलांडा’ म्हणून सांगितलेले, ग्रंथातल्या ‘दुसरं नीफाय’ या भागातले अध्याय 15 ते 24 नव्हेत, 12 ते 24. लेखात दुरुस्ती केली आहे. सल्ला तोच राहील: हे तेरा अध्याय म्हणजे बायबलमधल्या यशयाचे 2 ते 14, थोड्याफार फरकाने तसेच्या तसे. नवा वाचक नेमका तिथे अडकतो आणि पुस्तक मिटतो.

‘चवीपुरते उतारे वेचून त्यांना आजचे धडे चिकटवलेत’, हे वाक्य मात्र सोडणार नाही.

‘मोझाया’ या भागातलं 4:16 (चौथा अध्याय, सोळावं वचन) सुटं घेतलं, तर ‘याचकाला विन्मुख पाठवू नका’ एवढा भिंतीवरचा सुविचार उरतो. मी तिथे थांबलो नव्हतो. पुढच्याच वचनात, प्रजेपुढे भाषण करणारा बेंजामिन राजा ऐकणाऱ्याच्या मनातलं बोलतो: याने हे हाल स्वतःच ओढवून घेतलेत, मग मी का द्यावं? सिग्नलला गाडीची काच वर करताना आपण वेगळं काय म्हणतो? इथे चिकटवायला लागलंच काय? 19 मध्ये तो विचारतो, आपण सगळेच याचक नाही का? ज्याच्याकडे द्यायला नाही, त्याने ‘असतं तर दिलं असतं’ असं मनात म्हणावं, हे 24 मध्ये. आणि 27 मध्ये लगाम: सगळं शहाणपणाने आणि क्रमाने, अंगात बळ आहे त्याहून जोरात धावायची गरज नाही.

शिवाय हे भाषण दुसऱ्या अध्यायापासून चालू आहे. 2:14 मध्ये राजा सांगतो की करांचं ओझं लोकांवर पडू नये म्हणून तो स्वतः राबला. ते गाळलं की दानाचा उपदेश नुसता दरबारी हुकूम वाटतो. 1830 च्या पहिल्या आवृत्तीत वचनांना क्रमांकच नव्हते; ते मॉर्मन चर्चचा एक नेता ऑर्सन प्रॅट याने 1879 च्या आवृत्तीत घातले. म्हणूनच मी 2 ते 5 एका बैठकीत वाचा म्हटलं होतं. वेचणारा माणूस असं सांगतो का?

बाकी प्राचीन अमेरिकेत घोडे आणि पोलाद कुठून आले, ग्रंथ ज्यांवर कोरला होता म्हणतात ते सोन्याचे पत्रे खरे होते का, हा सगळा ग्रंथ कोणी रचला याचा वाद आहे, माझा विषय तो नव्हता. कातडीच्या रंगाबद्दलचं दुसरं नीफाय 5:21 मलाही खुपतं. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. ‘आपल्या संतांनी हे आधीच सांगितलंय’ म्हणता; बरं, सांगितलंय. मग?

जाता जाता त्याच चौथ्या अध्यायातलं 28 वं वचनही बघा: शेजाऱ्याकडून उसनं आणलेलं ठरल्याप्रमाणे परत करावं. तुमची ‘चुकांची यादी’ एका इंग्रजी संकेतस्थळावरून क्रमासकट उचललेली आहे. निदान दुवा तरी द्या.