एक्केचाळीस चेहरे आणि एक ग्राफिक्स कार्ड

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत ज्याला कॉम्प्युटर कळतो त्याला वायर असलेलं सगळंच कळतं, असा पक्का समज आहे. प्रिंटर, सेट-टॉप बॉक्स, एकदा तर पाण्याची मोटरसुद्धा. खरं म्हणजे मला डिजिटल चित्रं काढायची असतात. त्यासाठी पेन टॅबलेट घेतलाय. आजी त्याला ‘पाटी’ म्हणते आणि माझं शिक्षण उलट्या दिशेनं चाललंय असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. या पाटीचा पेन हाताच्या दाबाच्या 8192 पातळ्या ओळखतो. एवढ्या नाजूक हत्यारानं मी सध्या कार्यकर्त्यांच्या गॉगलच्या कडा कापतोय. गणपती तोंडावर आलेत ना!

सुरुवात माझ्या कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याच्या, लाइटांपासून झाली. त्यातलं ग्राफिक्स कार्ड मी बेंगळुरूच्या एसपी रोडवरून घेतलं आणि राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं आणलं. रात्रभर कार्ड बर्थवर झोपलं होतं, मी बसून होतो. घरी प्रोसेसरवर थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप) लावत होतो तर आई म्हणाली, “नवीनच आहे न्हवं? मग मलम कशाला?” शेवटी मशीन सुरू झालं, आतले पंखे निळे-जांभळे-हिरवे व्हायला लागले, आणि नेमके त्याच वेळी मंडळाचे अध्यक्ष वर्गणीला आले.

“हे मूर्तीच्या मागं ठेवूया की,” ते म्हणाले. “ढोलाच्या ठेक्यावर लाइट नाचतंय काय?”

नाही म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण आमच्या जातकुळीच्या माणसाला यंत्राबद्दल खोटं बोलता येत नाही. “नाचतंय. आवाज ऐकून रंग बदलणारं सॉफ्टवेअर असतंय.” मग बेळगावच्या पावसात, गळक्या मंडपात माझं मशीन जाऊ नये म्हणून तह झाला: डबा घरातच राहील, पण यंदाचं फ्लेक्स मी करून द्यायचं. जाता जाता त्यांनी माझा टीशर्ट वाचला. ‘जगात 10 प्रकारची माणसं असतात : बायनरी कळणारी आणि न कळणारी.’

“बाकीचे आठ कुठं गेले गा?”

मी बायनरीत 10 म्हणजे दोन, हे समजावून सांगितलं.

“मग दोन म्हण की सरळ!”

फ्लेक्स वीस बाय दहा फुटांचं. इंचाला 72 ठिपके धरले तरी 17,280 गुणिले 8,640 ठिपके होतात. छपाईचे चार रंग धरले तर काठोकाठ भरलेला एकच थर सहाशे एमबीच्या आसपास जातो. फोटोशॉपच्या पीएसडी फाइलची मर्यादा 2 जीबी. म्हणजे चौथ्या भरगच्च थराला फाइल हात जोडायला लागते, आणि मंडळाला गणपती, किल्ला, ढग, तुतारी, सोनेरी अक्षरं आणि शिवाय एक्केचाळीस शुभेच्छुक हवे होते. सेव्ह व्हायला लागलं की मी छताच्या पंख्याकडे बघायचो. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि माझा यूपीएस फक्त ओरडण्यात तरबेज आहे.

फोटो आले व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसाच पाठवला तर ठिपके गळतात,’ असा मेसेज मी टाकला, त्याला सगळ्यांनी अंगठा दाखवला आणि तसेच पाठवले. एकानं आधारकार्डाचा फोटो काढून त्या फोटोचा स्क्रीनशॉट पाठवला, वर बॅटरी 14 टक्के. खानापूरचे एक पाहुणे लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून काढले. त्यांच्या खांद्यावर कुणाचातरी हात उरला. तो मिटवला तर खांदा जातो. ठेवला. हात कुणाचा यावर गल्लीत अजून दुमत आहे.

पण खरी कसोटी चेहऱ्यांच्या क्रमाची. कॉम्प्युटरला क्रम लावणं मुळीच अवघड नाही. एक्केचाळीस वस्तू म्हणजे दोनेकशे तुलनांत काम खल्लास. अट एवढीच, की अ हा ब-पेक्षा मोठा आणि ब हा क-पेक्षा मोठा असेल तर अ हा क-पेक्षा मोठा असायलाच हवा. आमच्या मंडळात ही अट टिकत नाही. पंच खजिनदारापेक्षा मोठे, कारण वय. खजिनदार देणगीदारापेक्षा मोठे, कारण पद. आणि देणगीदार पंचांपेक्षा मोठे, कारण साउंड सिस्टिम त्यांची. असल्या गोल वादावर जगातला कुठलाच अल्गोरिदम चालत नाही. मी तिघांनाही सारख्या आकारात टाकलं, तर अध्यक्षांनी माझ्याच मोजपट्टीनं पडद्यावर मापं घेतली.

मजकूर आला जुन्या डीटीपी फॉन्टात. यूनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला दिलेला ठरलेला नंबर. त्याच्या आधीचे हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी भाडेकरू ठेवतात. तो फॉन्ट नसला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी डॉलर, टक्का आणि उद्गारचिन्हं. सगळं पुन्हा टाइप केलं. खाली एक ओळ कन्नडमध्ये हवी होती, ती टाइप करताना मला जे दिसलं ते मी अर्धी गल्ली गोळा करून सांगितलं. यूनिकोडमध्ये देवनागरी ‘क’चा नंबर 2325 आणि कन्नड ‘क’चा 3221. फरक 896. ‘ळ’ बघा : 2355 आणि 3251. परत 896! दोन्ही लिप्यांची घरं एकाच आराखड्यावर बांधलेली, ‘ळ’सकट. सीमाभागातल्या माणसानं याच्यावर उभं राहून टाळ्या वाजवायला पाहिजेत. पंच म्हणाले, “896 कसले? वर्गणीचे काय?”

देणगीदारांच्या दुकानाची पाटी फ्लेक्सच्या कोपऱ्यात जशीच्या तशी हवी होती. पाट्यांवर 60 टक्के कन्नड हवं, असा 2024चा कायदा आहे. म्हटलं, मोजूया. अक्षरांचे ठिपके मोजणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात रात्र गेली. उत्तर आलं तेव्हा देणगीदार म्हणाले, “मी तर वितीनं मोजूलालो गा. बरोबर हाय ते.” (त्यांचं बरोबर होतं. माझ्या प्रोग्रॅमनं पाटीवरची साडीची जरसुद्धा अक्षरं म्हणून मोजली होती.)

छपाईवाल्याचा फोन आला, “कर्व्ह केलंयस न्हवं?” कर्व्ह केलं की अक्षरांची चित्रं होतात, फॉन्टाचा घोळ राहत नाही आणि नंतर कानामात्राही बदलता येत नाही. केलं, पाठवलं. मागोमाग खजिनदार आले. त्यांच्या नावामागं ‘मा.’ राहिला होता. शेवटी निपाणीच्या एका शुभेच्छुकांचा ‘मा.’ कॉपी करून इकडे चिकटवला. जवळ जाऊन बघितलं तर तो किंचित तिरका आहे, पण फ्लेक्स पंधरा फुटांवर.

छापून आलं. पडद्यावर पेटलेला भगवा कापडावर विटकरी झाला होता. पडदा प्रकाशानं रंगवतो, छपाई शाईनं. काही रंग शाईला जमतच नाहीत. हे मी आधीपासून सांगत होतो. पण अध्यक्ष खूश होते. मान वर करून त्यांनी चेहरे एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून मोजले.

“मस्त झालंय बघ. चेहरे तेवढे मोठे करून आता हेच उभ्यात दे. पलीकडच्या कोपऱ्यावर आडवं बसत न्हाय.”