ताट वेगळे मांडण्यापूर्वी

"घशाचा कॅन्सर विषाणूमुळे होतो, म्हणजे तो संसर्गजन्य आहे, रुग्णाची भांडी वेगळी ठेवा, तंबाखूला उगाच बदनाम केले जाते, लस घेतली की तोच विषाणू अंगात शिरतो, हळद-मिठाच्या गुळण्यांनी तो मरतो." हा संदेश आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर तीनदा येऊन गेला. माझ्या काकांना टॉन्सिलचा कर्करोग आहे आणि बायोप्सीच्या अहवालात 'पी-१६ पॉझिटिव्ह' असा शेरा आहे, म्हणजे गाठीमागे एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हा विषाणू असण्याची दाट शक्यता आहे. परवा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांच्या स्टीलच्या ताटाला मागून लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलेला दिसला. संदेश वाचून चुलतभावाने ही खूण केली होती, आणि रेडिएशनने तोंड कोरडे पडलेले काका आतल्या खोलीत एकटेच मऊ भात गिळत बसले होते.

विषाणूचा संबंध खरा आहे, एवढे मान्य करावेच लागते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी घशाच्या कर्करोगाचे १०० रुग्ण आणि कर्करोग नसलेल्या २०० व्यक्ती यांची तुलना करून २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या गाठींपैकी ७२ टक्के गाठींमध्ये एचपीव्ही-१६ या त्याच्या एका प्रकाराची जनुकीय खूण सापडली. परंतु यावरून ताट वेगळे करण्याचे कारण मुळीच निघत नाही. कर्करोगाच्या पेशी एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाऊन रुजत नाहीत. विषाणू पसरतो तो मुख्यतः लैंगिक संबंधातून, घशाच्या बाबतीत विशेषतः मुखमैथुनातून; ही गोष्ट घरात बोलायला अवघड वाटते म्हणून भांड्यांवर खापर फोडायचे, हे चूक आहे. बहुतेकांच्या शरीरातून हा संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्या थोड्यांत तो टिकतो, त्यांच्या पेशींमध्ये विषाणूची ई-६ आणि ई-७ ही प्रथिने वाढीला लगाम घालणारी यंत्रणा निकामी करतात, आणि गाठ दिसेपर्यंत अनेक वर्षे उलटलेली असतात. काकूंनी ३५ वर्षे काकांच्या पंक्तीला बसून जेवल्यावर आज ताटाला ठिपका लावून कोणाचे रक्षण होणार आहे?

तंबाखूबद्दलचा दावा धादांत खोटा आहे. आपण 'घसा' या एकाच शब्दात टॉन्सिल, जिभेचे मूळ आणि स्वरयंत्र सारे बसवतो. वरील अभ्यास टॉन्सिल आणि जिभेच्या मुळासारख्या भागांचा आणि अमेरिकेतील रुग्णांचा आहे. आपल्याकडे तोंडाच्या आणि स्वरयंत्राच्या कर्करोगामागे तंबाखू, गुटखा, विडी हीच प्रमुख कारणे आहेत.

एचपीव्हीच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याची जनुकेही नसतात. असते ते केवळ त्याच्या बाह्य कवचाचे प्रथिन. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली, ती मुलगे आणि मुली दोघांसाठीही. मात्र झालेला संसर्ग किंवा झालेला कर्करोग लसीने बरा होत नाही, म्हणून ती लहान वयातच घ्यावी लागते.

गुळण्यांनी घशाला आराम पडतो, पण पेशींच्या आत शिरलेला विषाणू मरत नाही. या कर्करोगाचे पहिले लक्षण अनेकदा मानेतली न दुखणारी गाठ हेच असते. काकांनी तिच्यासाठी दोन महिने गुळण्या केल्या. अशी गाठ तीन आठवड्यांत बसली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला हवी.