अर्धा इंची वायसर

"साहेब आले नाहीत?" हार्डवेअरच्या दुकानात हा प्रश्न मला परवा विचारला गेला. मी अर्धा इंची वायसर मागितला होता, घराचं खरेदीखत नव्हे.

बाथरूममधला गरम पाण्याचा नळ ठिबकत होता, त्याच्या आतली रबरी चकती, म्हणजे वायसर, बदलायची होती, एवढीच पार्श्वभूमी. दुकानदाराने दहा वायसरचं पाकीट पुढं सरकवलं. सुटा मिळत नाही म्हणे. आणि शेजारी रंगाच्या वीस लिटरच्या डब्यावर एक गृहस्थ बसले होते. एका हातात चहा, दुसऱ्या हाताच्या बोटात बुलेटची किल्ली. दुकान त्यांचं नव्हतं आणि ते गिऱ्हाईकही नव्हते. कोल्हापुरात प्रत्येक दुकानाला असा एक माणूस फुकट मिळतो.

"वहिनी, वायसर कशाला? आख्खा नळच बदला की."

"नळ चांगला आहे. वायसर झिजलाय."

"बसवणार कोण? मिस्टर?"

राग आला की माझं क्रियापद थेट कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत जातं, जिथं बायकाही 'करतो, जातो' म्हणतात. "मीच बसवतो," म्हटलं.

"बसवा बसवा. पर आधी सीट बघा." मग दुकानदाराकडं वळून, "द्या ओ त्यास्नी. मोठी बचत चाललीया."

तिघे हसले. त्यातला एक तर नुसता चुना घ्यायला आला होता.

मी पैसे देऊन निघणारच होते, पण डब्यावरून पुढचा प्रश्न आला. "आंघोळी झाल्या की गिझर बंद करता?"

"करते."

"तिथंच चुकतंय!" चहा खाली ठेवला गेला. म्हणजे विषय गंभीर होता. "गाडी सारखी बंद-चालू केली की पेट्रोल जास्त खातीया का न्हाई? तसंच हाय. गिझर एकदा तापला की चालूच ठेवायचा. आमचा सहा वर्षं बंद न्हाई."

सहा वर्षं! या माणसाच्या घरी रात्री दोन वाजताही पाणी आंघोळीला तयार, आणि हसतात कुणाला, तर मला.

मी हिशोब सांगितला. पंधरा लिटरची टाकी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं. दोन हजार वॅटच्या गिझरला त्यासाठी अठरा-वीस मिनिटं पुरतात. त्यानंतर बटण चालू राहिलं, तर थर्मोस्टॅट आत गुपचूप बंद-चालू करतच बसतो, कारण टाकीतली उष्णता दिवसभर बाहेर झिरपत असते. चोवीस तासांत अशी किती युनिटं वाया जातात, तो आकडा गिझरच्या स्टार लेबलवरच छापलेला असतो. त्यात गरम पाण्याचा नळ गळका असेल तर आणखी बहार. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर पाणी. गिझर चालूच असेल तर ते पाणीही तापवून मोरीत सोडायचं, महिन्याला पाचेक युनिटं. पाच रुपयांचा वायसर तिथं कामाला येतो. एरवी थंड पाण्याच्या नळासाठी मी सुद्धा एवढी धावपळ केली नसती, पाणीपट्टीत तो थेंब दिसतही नाही.

"ते पुस्तकातलं झालं," ते म्हणाले. "बरं, युनिटं किती येतात?"

"तीनशेच्या आत-बाहेर."

"आत ठेवा! तीनशे एक झालं की सगळीच्या सगळी वरच्या भावानं लागतात."

ही अफवा आमच्या अख्ख्या कॉलनीत नांदते. महिनाअखेरीला लोक मीटरसमोर डोळे बारीक करून उभे असतात. घरगुती विजेचे टप्पे असे आहेत: पहिली १०० युनिटं, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. तीनशे एकावं युनिट महाग पडतं, खालची तीनशे आपापल्या जुन्या दरातच राहतात. हे मी बोटांवर मोजून सांगितलं. गृहस्थ चुनावाल्याकडं बघून म्हणाले, "वहिनी हुशार हाईत." कोल्हापुरात हे वाक्य वाद संपवायला वापरतात. मान्य करायला नव्हे.

मला चीड येते ती इथं. घरातली बचत म्हटली की सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराकडं. दोन खोल्यांत पंखे फिरताहेत, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रात्रंदिवस गरम आहे, आणि भाषण कुठलं, तर गॅस जपून वापरा. अहो, वापरतोच. तूरडाळ अर्धा तास भिजते, छोले रात्रभर. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक होते, कारण त्यापुढं मोठी आच नुसती वाफ उडवते. ज्योत पिवळी दिसली की बर्नर काढून भोकं टाचणीने मोकळी केली जातात, कारण पिवळी ज्योत पातेलं काळं करते आणि गॅस खाते. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून यापेक्षा जास्त काय पिळणार? रविवारी पांढरा रस्सा आणि तांबडा रस्सा दोन्ही हवेत, मटण बोटाने तुटेल इतकं शिजलेलं हवं, आणि सिलिंडर मात्र पंचेचाळीस दिवस चालला पाहिजे!

पंख्याकडं कुणी वर मान करून बघत नाही. जुना पंखा ७५ वॅटचा. बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिटं. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, तेवढीच हवा २८-३० वॅटमध्ये देतो, म्हणजे दहा-अकरा युनिटं. सोळा युनिटं एका पंख्यामागे. फक्त बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मधून काढून टाकायचा, नाहीतर पंखा अडखळतो किंवा त्याचं सर्किट जळतं. आणि मग "ह्या नव्या पंख्यात दम नाही" म्हणून वर्षभर ऐकावं लागतं. सेट टॉप बॉक्स दहा वॅटचा धरला तरी चोवीस तास चालू राहून महिन्याला सात युनिटं खातो. रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करायचा. ते बटण कपाटामागे आहे, म्हणून आमच्याकडं तो बंद होत नाही.

असो. घरी येऊन वायसर बसवला. मोरीच्या जाळीवर फडकं टाकलं, कारण मूठ काढताना त्यातला स्क्रू हमखास तिकडंच पळतो. मेन कॉक बंद करून नळ उघडला, राहिलेलं पाणी जाऊ दिलं. नटावर चिंधी गुंडाळून पाना लावला, म्हणजे चकाकी खरवडत नाही. स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा आट्यांचा दांडा, बाहेर आला. त्याच्या टोकाला तो वायसर, मधोमध गोल चर पडलेला, कडा फाटलेल्या. आमच्याकडं नळ बंद करत नाहीत, त्याचा गळा आवळतात, त्याचं हे फळ. नवा दाबून बसवला, स्पिंडल हाताने फिरवून मग पान्याने पाव आटा घट्ट केला. (पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांना हा खेळ लागू नाही, त्यात वायसर नसतोच, आतली अख्खी कार्ट्रिज बदलावी लागते.)

संध्याकाळभर थेंब नाही. मी दोनदा सगळ्यांना नेऊन दाखवलं.

सकाळी पुन्हा टप्. पुन्हा सगळं उघडलं आणि आत बोट घातलं. वायसर ज्या पितळी कडेवर टेकतो, ती म्हणजे सीट. तिला नखाला लागेल एवढी खाच. त्या खाचेतून पाणी वाट काढतं आणि नवा वायसरही तीच कड कापत राहते. सीट घासायचं एक हत्यार येतं, ते आत घालून दोन-चार फेरे दिले की कड सपाट होते. पाकिटातले उरलेले नऊ वायसर मी एकामागून एक बसवले असते तरी ती सपाट झाली नसती.

त्या दुकानात मी जाणार नव्हते. ह्यांना पाठवलं.

अर्ध्या तासात हे हत्यार घेऊन आले, तेही फुकट. एका गृहस्थांनी बुलेटच्या डिकीतून काढून दिलं म्हणे, उद्या परत करायचं. "फार माहितगार माणूस आहे. तुला निरोप दिलाय, वहिनींना म्हणावं, सीट बघा म्हटलं होतं."

मी काही बोलले नाही. हत्यार घेऊन बाथरूममध्ये गेले तर सगळ्यांच्या आंघोळी होऊन तास झाला होता आणि गिझरचा लाल दिवा चालू होता.

"राहू दे," बाहेरून ह्यांचा आवाज आला. "सारखा बंद-चालू केला की जास्त खातो."