मेन स्विच बंद केला तेव्हा कळलं

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी आठ वाजता मी घरातला मेन स्विच बंद केला, पाण्याचा मेन कॉक फिरवला आणि सगळ्यांचे फोन बंद करून कपाटात ठेवले. संकट आलं तर घर किती तयार आहे ते बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत असंच राहायचं, असं आठवडाभर आधी ठरलं होतं. घरात आम्ही चौघं, मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाईंना रोज इन्सुलिन लागतं, त्यामुळे फ्रीजमधलं इन्सुलिन आधीच शेजारच्यांकडे नेऊन ठेवलं होतं, त्या बाबतीत प्रयोग करायचा नव्हता.

हे डोक्यात आलं ते 28 एप्रिल 2025 च्या बातमीमुळे. त्या दिवशी भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज काही सेकंदांत गेली, जवळजवळ दोन्ही देशांची. ना युद्ध होतं ना वादळ. ट्रेन वाटेत उभ्या, सिग्नल बंद, कार्डचं मशीन बंद, हळूहळू मोबाइलचं नेटवर्क पण गेलं, आणि लोक दुकानात जाऊन बॅटरीवर चालणारा रेडिओ मागायला लागले. खिशात रोख पैसे असलेल्यालाच काहीतरी विकत घेता येत होतं. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वीज आली. बरोबर महिनाभर आधी, मार्च 2025 मध्ये, युरोपियन युनियननं आपल्या लोकांना सांगितलं होतं की घरात 72 तास पुरेल इतकी तयारी ठेवा, तेव्हा बऱ्याच जणांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

तर आमचा रविवार. घरात तीन टॉर्च होते, त्यातला एक लागला. एकाचे सेल फुटून आत पांढरी पावडर साचली होती, स्प्रिंग गंजली होती, आणि तो मी स्वतः दोन वर्षांपूर्वी "इमर्जन्सीसाठी" म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. पाणी शुद्ध करायचं मशीन विजेवर चालतं हे मला रोज दिसतं, पण कळलं त्या दिवशी. बादल्या भरून ठेवल्या होत्या त्यातल्या दोन संध्याकाळपर्यंत नुसत्या फ्लशमध्ये गेल्या. हे सगळं चालण्यासारखं होतं. खरा धक्का दुपारी बसला. मी तासभर बाहेर गेले होते, परत आले तर नवरा घामाघूम झालेला, सगळं कपाट उपसून जमिनीवर काढलेलं. सासूबाईंच्या इन्सुलिन टोचायच्या पेनच्या सुया सापडत नव्हत्या. वापरात असलेलं पेन टेबलावर समोर होतं पण सुयांचा डबा माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे, कारण लेक लहान असताना तिच्या हाताला लागू नये म्हणून मी तो तिथं ठेवला होता आणि मग तो तिथंच राहिला. माझा फोन कपाटात बंद. सासूबाई शांतपणे खुर्चीत बसून होत्या, जेवायच्या थांबलेल्या.

"माझ्याशिवाय या घरात काही सापडत नाही" हे वाक्य मी पंधरा वर्षं जरा कौतुकानंच म्हणत आलेय. त्या दुपारी त्याची भीती वाटली. समजा खरंच काही झालं आणि मीच त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकले तर? म्हणून माझं ठाम मत असं झालंय की घराची तयारी म्हणजे काय काय विकत घेतलं याची यादी बघून कळत नाही, घरातल्या एका माणसाला वजा करून बघायचं, आणि मग उरलेल्यांना किती जमतंय ते बघायचं. नवऱ्याचंही तसंच होतं बरं का, गॅसचा मेन वॉल्व कुठे बंद करायचा आणि मेन स्विचच्या डब्यातलं कुठलं बटण कशाचं हे फक्त त्याला माहिती होतं.

आता पाण्याबद्दल, कारण सगळे आधी खाण्याचं बघतात आणि पाण्याचा विचार शेवटी करतात. माणूस खाण्याशिवाय काही दिवस काढतो, पाण्याशिवाय नाही. स्वीडनच्या सरकारनं नोव्हेंबर 2024 पासून 50 लाखांहून जास्त घरांना जी पुस्तिका पाठवली त्यात माणशी रोज 3 लिटर पाणी धरायला सांगितलंय, आणि आठवडाभर स्वतःचं स्वतः निभावता यायला हवं असं म्हटलंय. हे फक्त प्यायला आणि रांधायला. निर्वासितांच्या छावण्यांसाठी जे किमान प्रमाण धरतात ते धुण्या-आंघोळीसकट माणशी रोज 15 लिटरचं आहे. रोजचे 3 लिटर धरले तरी चौघांच्या घराला तीन दिवसांचं नुसतं पिण्या-रांधण्याचं पाणी 36 लिटर, हे वाचायला काही वाटत नाही, पण उचलून बघा. मोठा एकच कॅन घेतला तर सासूबाईंना तो तिरका पण करता येत नाही, म्हणून आम्ही पाच-पाच लिटरचे घेतले. बोस्नियातल्या साराजेव्हो शहराच्या वेढ्यात, 1992 ते 1996, लोक पाण्याच्या रांगेत उभे असताना तोफांच्या आणि बंदुकांच्या माऱ्यात मेलेत. घरातलं पाणी म्हणजे तेवढ्या वेळा बाहेर पडावं न लागणं, युद्धात त्याची किंमत ही असते. पाणी संशयास्पद असेल तर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळायचं, उंच डोंगराळ भागात तीन मिनिटं. गढूळ असेल तर आधी स्वच्छ कापडातून गाळून घ्यायचं. पण एक लक्षात घ्या, उकळल्यानं जंतू मरतात, केमिकल किंवा इंधन मिसळलेलं असेल तर ते जात नाही, तसलं पाणी सोडूनच द्यायचं.

औषधांचं आमच्या घरात सगळ्यात नाजूक आहे. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं असतं, पण वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, मात्र 30 डिग्रीच्या वर जायला नको, आणि प्रकाराप्रमाणे दिवस बदलतात. म्हणून आपल्या डॉक्टरांना आत्ताच, शांततेत विचारून ठेवा, त्या वेळी डॉक्टर सापडणार नाहीत. फ्रीज उघडला नाही तर आतला गारवा चारेक तास टिकतो, आम्ही दाराला चिठ्ठी लावलीय की वीज गेली तर विचारल्याशिवाय उघडायचं नाही. सासूबाईंच्या सगळ्या औषधांची नावं, डोस आणि वेळा आता एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेल्या आहेत, कागद प्लॅस्टिकमध्ये घालून सुयांच्या डब्याला चिकटवलाय, आणि डबा साड्यांच्या मागून निघून दाराजवळच्या पिशवीत गेलाय.

जेवणाच्या सामानाबद्दल मी फार लिहीत नाही. जे रोज खाता तेच थोडं जास्त ठेवा, जुनं आधी वापरा आणि वापरलं की भरा, जपानमध्ये भूकंपासाठी हीच पद्धत शिकवतात. धोक्याची बातमी आल्यावर दुकान रिकामं करायला धावणाऱ्यांचा मात्र मला मनापासून राग येतो. ज्याच्या हातात महिनाअखेरीला पैसे नसतात त्याच्यासाठी मग शेल्फवर काहीच उरत नाही. दर आठवड्याला एखादी वस्तू जास्तीची घ्यायची, सहा महिन्यांत घर तयार होतं आणि कुणाचं काही ओरबाडावं लागत नाही.

खिडकीचं सांगायलाच हवं. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली तेव्हा आधी डोळे दिपवणारा उजेड पडला, लोक काय झालं म्हणून खिडकीत आले, आणि आवाजाचा धक्का पोचला तो मिनिट-दोन मिनिटांनी. दीड हजाराच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक काचांमुळे. एका शाळेत चौथीच्या शिक्षिकेनं उजेड बघून मुलांना बाकांखाली घातलं होतं, त्या वर्गातल्या 44 मुलांपैकी एकालाही काच लागली नाही, तिला स्वतःला मात्र लागली. 2020 मध्ये लेबनॉनमधल्या बैरुतच्या बंदरातला धूर लोक खिडकीतून मोबाइलवर शूट करत होते आणि मग मोठा स्फोट झाला, तेव्हाही तेच झालं. म्हणून आमच्या घरात आता नियम आहे, मोठा उजेड किंवा स्फोट दिसला की खिडकीकडे जायचं नाही, उलट दिशेनं जायचं. युक्रेनमध्ये लोक दोन भिंतींचा नियम पाळतात, म्हणजे बाहेर आणि तुमच्यामध्ये निदान दोन भिंती हव्यात, पहिली भिंत मार खाते, दुसरी तुकडे अडवते. सुरक्षित निवारा गाठता येत नसेल तेव्हाची ही सोय आहे. आमच्याकडे अशी जागा एकच निघाली, आतला पॅसेज, आणि तिथं आम्ही जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि एक काचेच्या दाराचं कपाट ठेवलं होतं! ते आधी हलवलं.

आणि कृपा करून बंद खोलीत कोळसा पेटवू नका, जनरेटर घरात किंवा बाल्कनीत लावू नका. टेक्सासमध्ये फेब्रुवारी 2021 च्या थंडीत वीज गेली तेव्हा ऊब मिळावी म्हणून लोकांनी घरात कोळशाची शेगडी पेटवली, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, आणि कार्बन मोनॉक्साइडनं माणसं गेली. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, डोकं दुखतं आणि झोप येते, बस्स.

लेकीचं सांगते. संध्याकाळी तिला सहज विचारलं, माझा नंबर सांग. तिला येत नव्हता. बाबांचा पण नाही. त्यात तिची काही चूक नाही, मलाही नवऱ्याचा नंबर अडखळतच आला. 2018 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हवाई राज्यात चुकून क्षेपणास्त्र येत असल्याचा मेसेज सगळ्यांच्या फोनवर गेला आणि तो खोटा असल्याचा दुसरा मेसेज यायला 38 मिनिटं लागली. त्या वेळात आईबाप मुलांना कुठं लपवायचं हे ठरवत होते, म्हणजे ठरवायची वेळ तेव्हा आली. आमचं आता ठरलंय, फोन लागत नसेल तर आधी कुठं जमायचं, तिथं जाता येत नसेल तर दुसरी जागा कुठली, शाळेतून लेकीला कोण आणणार, आणि दुसऱ्या शहरातल्या माझ्या बहिणीला सगळ्यांनी आपापली खुशाली कळवायची, कारण कधी कधी गावातल्या गावात फोन लागत नाही पण बाहेर लागतो.

लोक म्हणतात अशानं मुलं घाबरतात. माझा अनुभव उलटा आहे, लेक घाबरली ती त्या दुपारी बाबांचा चेहरा बघून. शेजाऱ्यांना सांगायला मला आधी संकोच वाटत होता, वेड्यात काढतील म्हणून, पण 1995 च्या जपानमधल्या कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं, हे वाचल्यावर मी सरळ जाऊन बेल वाजवली. आता वरच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते, आणि सासूबाईंची पिशवी कुठं असते हे त्यांना आणि शेजारच्यांना माहितीय.

पुढच्या महिन्यात परत मेन स्विच बंद करणार आहोत. या वेळी वजा होणार मी, सकाळीच बहिणीकडे निघून जायचं आणि दुसऱ्या दिवशीच परत यायचं. नवऱ्याला आत्तापासून टेन्शन आलंय. सासूबाईंनी मात्र काल लेकीला समोर बसवून पेनला सुई कशी लावायची ते दाखवलं, तीन वेळा लावायला आणि काढायला लावली, आणि मग तिच्याकडून माझा नंबर पाठ म्हणून घेतला.