दवाखान्यातली गोष्ट दवाखान्यातच राहावी

आम्हा आयुर्वेदिक वैद्यांमध्ये रुग्णाच्या गोपनीयतेचा विषय निघाला, की बहुतेकांना मोठी रुग्णालये, विमा कंपन्या आणि संगणकावरची चोरी आठवते. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत दवाखाना चालवणाऱ्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही, असे मानले जाते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. मोठ्या रुग्णालयात रुग्णाला कोणी ओळखत नाही. आमच्याकडे तो अमक्यांचा मुलगा किंवा तमक्यांची सून असतो आणि त्याच्याविषयी बाहेर गेलेला एक शब्दही थेट त्याच्या गल्लीत पोहोचतो.

शिवाय आमच्याकडे कोणत्या तक्रारी येतात, तेही पाहावे. मूळव्याध, अंगावरून पांढरे जाणे, मूल न होणे, पुरुषांचे लैंगिक दौर्बल्य, अंगावरचे कोड, सोरायसिस. निदानासाठी आम्ही शौचापासून झोपेपर्यंत आणि व्यसनापासून पती-पत्नींच्या संबंधांपर्यंत सर्व काही विचारतो आणि रुग्ण विश्वासाने सांगतो. घरातल्या माणसालाही ठाऊक नसलेली गोष्ट अनेकदा केवळ आमच्या केसपेपरवर असते.

ही माहिती फुटते ती बहुधा आपुलकीतून. लग्नसराईच्या आधी परिचितांचे फोन येतात: ‘मॅडम, अमक्यांच्या मुलीचं स्थळ आलंय, तुमच्याकडे येते ना ती? काही विशेष नाही ना?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. परंतु कोड संसर्गजन्य नसतानाही त्यापायी ठरलेली लग्ने मोडतात, हे आपण सर्वजण जाणतो. अशा वेळी, ‘मी कोणत्याही रुग्णाविषयी बोलत नाही,’ एवढेच उत्तर द्यावे आणि मुलगी पूर्ण निरोगी असली तरीही तेच द्यावे. निरोगी मुलीबद्दल ‘काही नाही हो’ म्हणणाऱ्या वैद्याचे दुसऱ्या मुलीबद्दलचे मौन हेच उत्तर ठरते. ती आपल्याकडे येते की नाही, हे सांगणेसुद्धा माहिती देणेच आहे.

सासूबाईंचा प्रश्न याहून अवघड असतो, कारण त्या सुनेला घेऊन आलेल्या असतात आणि पैसेही त्याच देणार असतात. सून बाहेर औषध घेत असताना त्या मागे थांबून हळूच विचारतात, ‘दोष नक्की कुणात आहे?’ माझ्या मते येथे वैद्याने नम्रपणे पण ठामपणे सांगावे, की सूनबाई समोर असतील आणि त्यांची संमती असेल तरच बोलता येईल. पतीच्या वीर्यतपासणीचा अहवाल पत्नीच्या केसपेपरला टाचून ठेवण्याची पद्धतही बंद व्हायला हवी. दोघांच्या नोंदी स्वतंत्र असाव्यात.

हा संकेत आपल्याला बाहेरून आलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. आपण सर्वांनी ते विद्यार्थिदशेत वाचलेले आहे. याला अपवाद आहेत, पण ते कायद्याने ठरवलेले आहेत: बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावेच लागते. तेथे गोपनीयतेची सबब चालत नाही.

आता कागदाविषयी. चूर्णाच्या पुड्या बांधायला पाठकोरे कागद वापरण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. एका दवाखान्यातून आलेली पुडी मी उलगडून पाहिली, तेव्हा आतल्या बाजूस दुसऱ्याच एका स्त्रीचे नाव, वय, गाव आणि पाळीच्या तारखा स्वच्छ अक्षरांत होत्या. कागद वाचवण्याचा हेतू चांगला असला, तरी ती पुडी ज्या घरात उघडेल त्या घराला त्या स्त्रीची सगळी हकिकत कळते. जुने केसपेपर रद्दीत देऊ नयेत. ते फाडून, भिजवून किंवा जाळून नष्ट करावेत.

मोबाइलचा धोका अधिक मोठा आहे, कारण तो दिसत नाही. रुग्ण व्हॉट्सॲपवर त्वचेचे, जिभेचे, कधी गुदभागाचेही फोटो पाठवतात. ते आपोआप गॅलरीत उतरू शकतात, बॅकअप चालू असेल तर गूगलच्या खात्यात जातात आणि मग मुलांनी फोन हातात घेतला, की लग्नाच्या फोटोंशेजारीच ते दिसतात. दवाखान्यासाठी वेगळा फोन ठेवावा आणि फोटो गॅलरीत जाण्याची सोय बंद करावी. वैद्यांच्या गटात केस चर्चेला टाकताना चेहरा झाकला जातो, पण रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यातले नाव तसेच राहते, किंवा हातावरचे गोंदण ओळख पटवून देते. ‘उपचारापूर्वी आणि उपचारानंतर’ अशी छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरणे तर मला मुळीच पटत नाही. उपचार सुरू असताना रुग्ण वैद्याला सहसा नाही म्हणू शकत नाही, म्हणून त्या अवस्थेतल्या होकाराला मी संमती मानत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केवळ कागदावर राहिलेली नोंद या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला, की येते. मात्र दंडाच्या भीतीने हे करावे लागू नये, असे मला मनापासून वाटते.

खर्च फारसा नाही. तपासणीच्या खोलीला पडद्याऐवजी दार हवे, कपाटाला कुलूप हवे आणि कुरिअरच्या पाकिटावर औषधाचे नाव नसावे. कंपाउंडरने भरल्या बाकांसमोर ‘मूळव्याधीचं औषध कुणाचं?’ असे न विचारता रुग्णाला क्रमांकाने बोलवावे. आपल्या जिल्हा संघटनांनी सोप्या मराठीत एक पानी संमतीपत्र तयार करून सर्व सभासदांना द्यावे आणि वैद्य निवृत्त झाल्यावर किंवा वारल्यावर त्याच्या केसपेपरांचे काय करायचे, याचाही नियम पुढच्या सभेत ठरवावा, अशी माझी विनंती आहे.